जावयानं धाडलेला बोलका डबा

नाही, नाही — तिथंच. त्या खुर्चीत बसा, जावईबापू, आणि खुर्ची फिरवून घ्या, तोंड केळीच्या बागेकडे. हां. दार मी आतून लावलंय. सासू-जावयाच्या मध्ये दार असलेलंच बरं, ते काही तुमच्याआमच्यात नवीन नाही — लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्ही माझं तोंड पाहिलं नाही की मी तुमचं, आणि त्यानं कुणाचं काही अडलं नाही. बोला आता. काय म्हणालात? — मशीन कसं चाललंय? अहो, कंपालाहून एवढी गाडी हाणत आलात, माझी लेक तुमचं घर सोडून निघून गेलेली, आणि पहिला प्रश्न काय, तर मशीन आवडलं का! निदान नाम्बूसी कुठे आहे एवढं तरी — नाही, इथं नाही ती. आत्याकडे गेलीय, मासाकाला. रुसून निघालेली लेक आधी आत्याच्या दारात जाते, हे काय मी तुम्हाला सांगायचं? तेव्हा राहू दे ते. मशीनचंच बोलू. बोलूच आता, फार दिवस साठलंय माझ्या पोटात.

शिसारी आलीय मला त्याची. स्पष्ट सांगते, शिसारी. वाईट वाटलं तर वाटू दे. घरचं झालं थोडं नि जावयानं धाडलं घोडं, असं झालं माझं. तुमचा माणूस आला, छपरावर ती उन्हाची पाटी बसवली, भिंतीला भोकं पाडली, आणि मधल्या खोलीत माझ्या धन्याच्या फोटोखाली तो डबा ठेवून गेला — काळा, गोल, आमटीच्या मडक्याएवढा. म्हणाला, आजी, साधंसुधं नाही हे, प्रीमियम आहे. म्हटलं म्हणजे काय? म्हणाला, याला खोली कळते. भिंत कुठे, पडदा कुठे, माणूस कुठे बसलंय, सगळं ओळखून तसा आवाज सोडतं. मी म्हटलं, बरं बाबा. खोली कळते! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासमोर रीतसर गुडघे टेकले — हसू नका, पाहुणाच होता की घरातला — आणि विचारलं, रात्र कशी गेली? आपल्यात कसं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उलट विचारायचं, मग हं, मग इकडून हं, मग तिकडून पुन्हा हं, ते हुंकार विझत विझत जातात तेव्हा कुठे माणूस कामाचं बोलतो. आणि आतली ती बाई इंग्रजीत काय म्हणाली असेल? ‘क्षमा करा, मला समजलं नाही.’ शाळेत नन लोकांनी शिकवलेलं इंग्रजी अजून आहे माझ्याकडे, म्हणून कळलं तरी. मी परत विचारलं. परत क्षमा. मी अशी गुडघ्यांवर, आणि तिला हं म्हणता येईना! खोली कळते, भिंत कळते, आणि समोर गुडघे टेकलेलं माणूस कळत नाही. काय चाटायचंय असलं शहाणपण?

पुढं ऐका. पाऊस येईल का विचारलं, तर म्हणे आज कोरडं राहील — आणि इथं माझी वाळत घातलेली कॉफी सगळी भिजून चिखल झाली. ती कंपालाचं आभाळ बघून सांगत होती! प्रार्थनेची गाणी लाव म्हटलं, तर कुठल्यातरी परदेशी पोरी ओरडायला लागल्या. शेजारच्या नालोंगोची शेळी दारात बें करते, तर हिला वाटतं आपल्यालाच हाक मारली, लगेच दिवा पेटवून विचारते, मी काय मदत करू? शेळीला! मला विचारलंत तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दिसायला चकचकीत, आणि घरातल्या एका माणसाच्या कामाचं नाही.

पण तेवढ्यानं शिसारी येत नाही हो कुणाला. तेवढ्यावर माणूस हसतं आणि वर टोपली पालथी घालून विसरून जातं. खरा ताप निराळाच. तुम्ही रेडिओवर मयताच्या बातम्या वाचता, ते ठीक होतं. सगळा कालुंगु जिल्हा ऐकतो. अमक्या टेकडीवरचे तमके, फलाण्याचे वडील, काल वारले, दफन उद्या दुपारी — तुमच्या तोंडून ऐकलं की मेलेलं माणूस चांगलंच होतं असं वाटतं. बायका मला म्हणायच्या, तुझ्या जावयाच्या आवाजात मध आहे गं. माझी मान ताठ व्हायची, खोटं कशाला बोलू? रेडिओचा आवाज सगळ्यांचा, तो घरात आला तरी जावई घरात आला असं होत नाही. पण हा डबा! त्यातून तुम्ही म्हणायचात, ‘सासूबाई, ऐकताय ना?’ — म्हणजे तुम्ही माझ्या मधल्या खोलीत, मी चुलीपाशी, हातात ताट! जावयासमोर सासू जेवते कुठे? मी ताट उचलून मागच्या अंगणात. तुमचं बोलणं संपेपर्यंत केळीखाली उभी, उकडलेल्या केळ्यांची मातोके गार, त्यावरच्या शेंगदाण्याच्या आमटीवर साय. एका डब्यानं मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. नालोंगोला विचारलं — जुळ्यांची आई ती, तिचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही — हे चालतं का गं? ती म्हणाली, आवाज आला म्हणजे माणूस आला. मध्ये आडोसा हवा. नाहीतर कंप लागेल हातापायांना, सासू-जावई समोरासमोर आल्यावर लागतो तसा. म्हणून मी पेटीतलं सालीचं कापड काढलं, झाडाच्या सालीचं, तांबडं, माझ्या स्वतःच्या कफनासाठी ठेवलेलं, आणि तुमचा आवाज आला की ते त्या डब्यावर टाकायला लागले. टाकताना मोठ्यानं सांगायचे, पडदा टाकला हो! आठवतं ना? तुम्ही म्हणायचात, बरं बरं.

तो? तो कपाचा आवाज. काही नाही, बशी जरा तिरकी होती. चहा पितेय मी. तुम्हाला विचारला नाही, हो, नाही विचारला. कोंबडीही कापली नाही आज. जावई येणार आणि घरात कोंबडीच्या पिसाचा वास नाही, असं या घरात पहिल्यांदा होतंय, आणि कॉफीच्या बियांची टोपलीही दाराखालून सरकवलेली नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल. कोंबडीचा पेटा तुमच्यासाठी राखून ठेवणारी सासू मी — दरवर्षी, केळीच्या पानात बांधून, वर दोन गाठी.

कुठे होते मी? आडोसा. हां. आता बघा, आपल्यात पडद्यामागची सासू म्हणजे नसलेली सासू. ती तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण नाही असं धरून चालायचं. तुम्ही चांगल्या वळणाचे, तुम्हीही तसंच धरलंत. पडदा पडला, म्हातारी गेली. संध्याकाळी लाइन उघडी ठेवायची तुमचीच हौस — जोडीचे डबे, एक तुमच्या जेवायच्या टेबलापाशी, एक माझ्याकडे, माय-लेकींनी हवं ते बोलावं, म्हातारीला बटण दाबायचाही त्रास नको. आम्ही बोलायचो. मग तुम्ही घरी यायचात, मी पडदा टाकायचे, आणि लाइन तशीच. कुणी बंद केली नाही. तुम्ही केली नाहीत, कारण मी ‘नव्हतेच’. आणि मी केली नाही, कारण मला कशी बंद करायची ते ठाऊक नव्हतं — पहिले काही दिवस. नंतर ठाऊक झालं होतं. असो.

पण जावईबापू, कापडानं दिसायचं बंद होतं. ऐकू यायचं बंद होत नाही. जुन्या लोकांनी नियम केला तो डोळ्यांसाठी, कानांचं ते काही बोलून गेले नाहीत.

आणि आता तुमच्या त्या मशीनचं खरं कौतुक करते, ऐकून घ्या, कारण एका बाबतीत ते शब्दाला जागलं. आवाज! काय स्वच्छ आवाज! तुम्ही म्हणाला होतात, टाचणी पडली तरी कळेल. कळली. ताट ठेवलं की मला कळायचं ते काठावर आहे की मध्ये. पाणी ओतलं की पेला भरलाय की अर्धा. चपला काढल्या की कुठल्या पायाची आधी. आणि माझी लेक खाली फरशीवर गुडघे टेकायची, ते मला ऐकू यायचं. बोलायची, ‘आलात का, दिवस कसा गेला?’ — माझ्याच शिकवणीतलं, माझ्याच चालीत. आणि मी इकडे कफनाच्या कापडाआड कान देऊन बसायचे, आता जावई म्हणेल, बरा गेला, तुझा कसा? मग हं, मग हं. — काही नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज. चमचा. घास. मला पहिल्या दिवशी वाटलं, लाइन गेली. अहो, मी त्या डब्याला दोन चापट्या मारल्या, आवाज गेला म्हणून! आवाज नव्हता गेला. उत्तरच नव्हतं. तुम्ही जेवत होतात. उत्तर मिळाल्याशिवाय बाई उठत नाही, हे तुम्हाला माहीत, मला माहीत, तिला तर माहीतच. तुम्ही जेवण संपवलंत, हात धुतलेत, कुणाला तरी फोन लावून रेडिओवरच्या मधानं हसलात, आणि मग जाता जाता — हं. एवढंसं. की ती उठली. उठताना टेबलाला धरून उठली, ते टेबल करकरलं.

एखादा दिवस असतो हो माणसाचा. दमलेलं असतं, वैतागलेलं असतं. मी तसंच म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मग तो तुमचा खेळ आहे हे कळायला लागलं. मीठ कमी पडलं की जास्त वेळ. आईशी बोललीस म्हणून जास्त वेळ. पोर होत नाही म्हणून जास्त वेळ. तुम्ही तिला कधी हात लावला नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाहीत, तो मध कधी सांडला नाहीत. बाहेर कुणाला सांगायला जावं तर काय सांगणार? नमस्काराचं उत्तर उशिरा देतो? लोक म्हणतील, बरं मग? नाम्बूसी मला एका शब्दानं बोलली नाही. मी विचारायचे, गुडघे का गं दुखतात तुझे? म्हणायची, फरशी गार असते आई. आणि ह्या गोष्टीची किळस येते मला, समजलं? शिव्या देणारा मी पाहिलाय, मारणारा पाहिलाय, दारू पिऊन गटारात पडणारा माझा सख्खा भाऊ होता. पण आपल्या आज्यांनी मान द्यायला शिकवलं, आणि त्या मानाचाच कुणी खुंटा करावा नि माझ्या पोरीला त्याला बांधावं — शी! त्यानंतर तुम्ही रेडिओवर मेलेल्यांची नावं अदबीनं वाचायला लागलात की मी उठून रेडिओ बंद करायचे. मेलेल्यांना तुमची अदब, आणि घरातल्या जिवंत बाईला एक हं नाही.

काय? — पुन्हा म्हणा. खुर्ची इकडे वळवू नका, तिकडेच तोंड ठेवून म्हणा. — मशीनमध्ये बिघाड होता? आपोआप बोललं? आणि नाम्बूसी त्या आवाजाला भ्याली, म्हणून घर सोडून पळाली? अस्सं. आणि तुम्ही ते बदलून आणणार. ह्याहून मोठं. दोन कर्ण्यांचं. वा! वाटेत गावातल्या लोकांनाही असंच सांगून आलात वाटतं? — आलात. बघा, किती विचार करता तुम्ही माझा. कळलं बरं मला. मी आता एवढंच म्हणायचं, हो बाबा, बिघाडच होता. म्हणजे तुमची अब्रू झाकली, माझीही झाकली, डबा तेवढा बदनाम. सासू पडद्याआडून जावयाच्या जेवणात बोलली हे गावाला कळायला नको. लोक काय म्हणतील ते मलाही माहीत आहे. म्हणतील, तरीच म्हातारीचा हात हलतो. — हो, हलतो. तो कप बशीमुळे नव्हता वाजत. डावा आधी, आता उजवाही. मासाकाचे डॉक्टर म्हणतात शिरांचा आजार आहे, गोळ्या देतात. तो आजार डबा घरात येण्याच्या आधीपासूनचा आहे, पण ते कोण ऐकून घेतंय? नालोंगो माझ्या हाताकडे बघते आणि काही बोलत नाही. लेकीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं मी. तुम्हाला तर मुळीच सांगायचं नव्हतं. पण तुम्हाला माहीतच होतं, नाही का? नाम्बूसीनं नवरा म्हणून विश्वासानं सांगितलं असणार. कारण त्या संध्याकाळी ती खाली बसून बसून थरथरायला लागली, आणि तुम्ही घास चावत म्हणालात, ‘काय, आईचा रोग लागला वाटतं? तीही अशीच हलत बसते ना पडद्यामागे?’ आणि हसलात. स्वच्छ ऐकू आलं. प्रीमियम.

बिघाड नव्हता तो, सेबुन्या. मी होते. ‘ऊठ, नाम्बूसी. ऊठ पोरी, चालायला लाग.’ — मी म्हटलं. कापड ओढून काढलं त्याच्यावरचं आणि तोंड लावून म्हटलं. तुझ्या खोलीत चारी भिंतींतून आलं असेल ना? यायलाच हवं, खोली कळते त्याला. तुझा चमचा पडला ते ऐकलं मी. मग तिच्या पावलांचा आवाज, दार, आणि फाटक. एवढ्या सगळ्या दिवसांत त्या डब्यानं मला ऐकवलेली तेवढीच एक चांगली गोष्ट.

तर नकोय मला दुसरं. आणि ती येणार नाही. आल्यापासून नुसती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आज सकाळी कुठे उठून माझ्याशेजारी बसून दोन घास —

…

हो. आत आहे. माझ्या मागे उभी आहे. आत्याकडे नाही. झालं? खोटं बोलले मी, तुझ्याशी खोटं बोलायला मला लाज नाही वाटली. — खुर्ची वाजली. उठलास काय? दारापाशी येतोस? नाम्बूसी, तू हलू नकोस गं. कडीला हात लावू नकोस, तुझं काम नाही ते. — ‘बायको माझी आहे, बाहेर पाठवा.’ ऐकलं. अजून मधातच बोलतोयस. तुला वाटतंय दाराआड म्हातारी आहे, ती दार उघडायची नाही, उघडलं तर तिलाच कंप लागेल. अरे, माझा हात आधीच हलतोय. आणखी काय हलणार आहे? लोक म्हणतील. म्हणू देत. उद्या नालोंगोच स्वतः सांगेल घरोघर, मला फिरायला नको.

सरक बाजूला पोरी, कडी काढू दे मला. हातच… हां. निघाली.

बघ. वर बघ. ही मी. तुझी सासू. — का, तोंड का फिरवतोस? तुझ्यासाठी उघडलंय दार.

अरे देवा. एवढासाच आहेस? आवाजावरून मला वाटलं होतं, चांगला उंच असशील. रेडिओवर ऐकून मी तुला दारात वाकून यावं लागेल एवढा धरला होता. तोही डबा एवढासाच, नि आवाज केवढा. तुझ्या पायाशीच ठेवलाय तो, खोक्यात. बसला होतास तेव्हा दिसला नाही? कापड ठेवून घेतलंय मी, ते माझं आहे. बाकी सगळं तुझं. न्यायला आलास ना, ते ने.

आं? काय करतोयस? — गुडघे टेकलेस? बरोबर, सासू समोर आली की जावयानं टेकायलाच हवेत. खाली बघून काय पुटपुटतोयस? — ‘दिवस कसा गेला, सासूबाई?’

ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं.

नाम्बूसी, ताटं घे गं. इकडेच घे, दारात, उजेडाला बसू. आमटी गरम आहे तोवर आपण दोघी जेवून घेऊ. — नाही, त्याच्याकडे बघू नकोस. सावकाश जेव.